घरावर छत्री बसविण्यापूर्वीं



ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभें राहून कधीं मान वर करून पाहिली आहे काय? जुन्या चाळींच्या कठड्यांवर, गॅलऱ्यांच्या टोकांना आणि गच्च्यांवर बसविलेल्या त्या करड्या छत्र्या साऱ्या जवळजवळ एकाच बाजूस तोंड करून उभ्या असतात. पश्चिमेस जवळच समुद्र. पण एकीलाही तो पाहण्याची हौस नाहीं. साऱ्यांची दृष्टि दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या कोपऱ्याकडे. आज मला जें सांगावयाचें आहे, त्याचें निम्में मर्म या एका गोष्टींत आहे.

विषय घरगुती आहे. उपग्रहावरून येणारी दूरचित्रवाणी घरांत घ्यावयाची, तर ती कशी घ्यावी? गेल्या गणपतींच्या सुमारास आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका मला जिन्यांत भेटल्या. आम्ही सारे त्यांना बाई म्हणतों. त्या म्हणाल्या, "भाऊ, केबलच्या तारेचा कंटाळा आला. छत्री घ्यावी म्हणतें. कोणत्या कंपनीची चांगली?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देतां येईना. कंपनी हा या व्यवहारांतला शेवटचा प्रश्न आहे; लोक तो पहिला विचारतात. मीं म्हटलें, "बाई, आधीं तुमच्या गॅलरींतून आकाश कोणतें दिसतें तें पाहूं."

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशीं पाऊल जुळवून चालतात. म्हणून ते आपणांस एकाच जागीं खिळल्यासारखे वाटतात. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ. आणि आपल्याकडे घरोघर कार्यक्रम पोंचविणारे उपग्रह ८३ अंशांपासून १०८ अंशांपर्यंत विखुरलेले. विषुववृत्त आपल्या दक्षिणेस आणि हे उपग्रह आपल्या पूर्वेस, म्हणून छत्रीचें तोंड आग्नेयेस. परंतु सर्व उपग्रह एकाच बिंदूंत नाहींत. ८३ अंशांवरचा आपणांस दक्षिणेकडे झुकलेला आणि चांगलाच उंच, क्षितिजापासून सुमारें ६५ अंशांवर असतो. १०८ अंशांवरचा पूर्वेकडे कललेला आणि जवळजवळ ४४ अंशांवर. यांतून व्यवहारांत निष्पन्न होतें तें असें कीं, एकाद्या बिऱ्हाडाला एका कंपनीचा उपग्रह दिसतो आणि दुसरीचा दिसत नाहीं. शेजाऱ्याकडे चित्र सुरेख येतें एवढ्यावरून तेंच आपल्याकडे येईल असें धरून चालूं नये. आणि छत्री जिकडे पाहतांना दिसते त्याहून ती पुष्कळ वर पाहत असते. तिची घडणच तशी आहे. समोरच्या इमारतीचा तिसरा मजला आड येतो म्हणून घाबरूं नये; त्या इमारतीचा माथा केवढा उंच आहे तें पाहावें. गिरगांवांत आतां चाळी पडून त्या जागीं मनोरे उठत आहेत. आज मोकळें असलेलें आकाश पुढील वर्षीं मोकळें राहीलच असें नाहीं.

हें पाहावें कसें? बसविणाऱ्या माणसाजवळ होकायंत्र आणि मोजणीचें उपकरण असतें. भोंक पाडण्यापूर्वीं त्याला तें लावून दाखविण्यास सांगावें. पण ज्यांना घाई नाहीं त्यांच्यासाठीं एक फुकटचें साधन आहे, तें म्हणजे सूर्य. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सूर्य आकाशांत ज्या वाटेनें चढतो, जवळजवळ त्याच वाटेवर हे उपग्रह बसलेले असतात. ऑक्टोबरांत सकाळीं पावणेदहाच्या सुमारास तो १०८ अंशांच्या उपग्रहाजवळ असतो, अकराला कांहीं मिनिटें असतांना ९३॥ अंशांच्या, आणि पावणेबाराच्या आसपास ८३ अंशांच्या. जेथें छत्री बसवावयाची त्या जागेवर त्या वेळीं ऊन पडलें, तर तेथून तो उपग्रह दिसतो. याच दिवसांत सूर्य उपग्रहाच्या मागें आल्यामुळें रोज कांहीं मिनिटें चित्र बिघडतें. तेव्हां कंपनीशीं भांडूं नये.

पावसाचें मात्र आधींच ठाऊक असावें. या लहरी सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि मुसळधार सर त्यांना वाटेंतच शोषून टाकते. आषाढांतल्या एकाद्या दुपारीं, गाड्या चालू आहेत कीं बंद हें जाणून घेण्याची जेव्हां सर्वांत अधिक निकड असते, नेमकें तेव्हांच पडद्यावर कांहीं दिसत नाहीं. दहापंधरा मिनिटांत तें परत येतें. घरांत बॅटरीवर चालणारा एक लहान रेडिओ ठेवावा. हें मी रेडिओवरून बोलत आहें म्हणून सांगत नाहीं.

आतां गच्चीची गोष्ट. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, तेव्हां याच गच्च्यांवर आडव्या काठ्यांच्या अँटेना उभ्या राहिल्या आणि त्या साऱ्या उत्तरेकडे, वरळीच्या मनोऱ्याकडे पाहत. पुढें १९९१-९२ च्या सुमारास केबल आली आणि चाळीचाळींमधून तारांचीं जाळीं लोंबूं लागलीं. घरगुती छत्री त्या मानानें अलीकडची. ऑक्टोबर २००३ मध्यें पहिली खासगी कंपनी, डिश टीव्ही, आली. डिसेंबर २००४ मध्यें सरकारची विनाशुल्क सेवा, आणि ऑगस्ट २००६ मध्यें टाटा स्काय, जिचें नांव २०२२ पासून टाटा प्ले झालें. तीन पिढ्यांच्या या सामानानें आमच्या गच्चीच्या कोब्याला किती भोकें पाडलीं याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं. आमच्या चाळींतली हकीकत सांगतों. एका भाडेकरूनें मालकाला न विचारतां छत्री बसवून घेतली. बसविणाऱ्यानें अर्ध्या तासांत चार भोकें पाडून बोल्ट ठोकले आणि तो गेला. जुलैंत खालच्या बिऱ्हाडाच्या माळ्यावरून पाणी ठिबकूं लागलें, आणि त्या वर्षीं दोन शेजारी गणपतीच्या आरतीला एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. कोब्याला हात लावूं देऊं नये. कठड्याच्या भिंतीवर छत्री बसत असेल तर तेथेंच बसवावी. आणि पागडीची जागा असो वा सोसायटीची, मालकाची अथवा मंडळाची परवानगी लेखी घ्यावी. तोंडी परवानगी पाऊस सुरू होईपर्यंतच टिकते.

पैशांचा हिशेब तीन भागांचा असतो. पहिला भाग छत्री, बॉक्स आणि बसविण्याची मजुरी. दुसरा, वाहिन्या घरापर्यंत आणून पोंचविण्याचें शुल्क. तिसरा, ज्या वाहिन्या सशुल्क आहेत त्यांची किंमत. दरमहाच्या रकमेवर १८ टक्के कर निराळा. जाहिरातींत या साऱ्यांचा एकच आंकडा करून सांगतात. आपण तो पुन्हा सुटा करून मागावा.

दक्षिण मुंबईतील लोकांना हा हिशेब नवा नाहीं. मुंबईत सशुल्क वाहिन्या बॉक्सवांचून दिसेनाशा झाल्या त्या प्रथम आपल्याच भागांत, २००६ सालच्या शेवटच्या दिवसापासून. त्या वेळीं विनाशुल्क वाहिन्यांच्या संचाला ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीला ५ रुपये असा दर बांधून दिला होता. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणानें नवी रचना लागू केली: १०० वाहिन्यांपर्यंत पोंचविण्याचें शुल्क १३० रुपयांहून अधिक नसावें, २०२० मध्यें त्याच रकमेंत २०० वाहिन्या. बसविण्याची मजुरी ३५० रुपयांच्या आणि सेवा चालू करण्याचें शुल्क १०० रुपयांच्या वर जाऊं नये, अशीही मर्यादा होती. जुलै २०२४ मध्यें या मर्यादा उठविण्यांत आल्या. मर्यादा गेली म्हणजे भाव वाढलाच असें नव्हे. पण विचारण्याचें काम जें पूर्वीं सरकार करी, तें आतां आपल्याकडे आलें आहे. एक हक्क मात्र कायम आहे. प्रत्येक वाहिनीची किंमत निराळी सांगितलीच पाहिजे, आणि ती एकटी मागितली तर दिली पाहिजे.

दुकानदार हें आपण होऊन सांगत नाहीं. बाईंच्या पुढें त्यानें दोनशेंहून अधिक वाहिन्यांचा एक तयार संच ठेवला होता. मीं त्यांना सुचविलें कीं, आठवडाभर घरांत जें जें लागतें तें दिनदर्शिकेच्या पाठीमागें टिपून ठेवा. नातू सुटींत येतो त्याचें, मोलकरीण काम करतां करतां पाहते त्याचेंही. आठवड्याच्या शेवटीं कागदावर नऊ नांवें झालीं, त्यांतलीं चार विनाशुल्क. "म्हणजे बाकीच्या दोनशेंचे पैसे मी कोणासाठीं भरणार होतें?" असें बाईंनीं विचारलें. शाळेंत त्या गणित शिकवीत. कधीं कधीं तीन वाहिन्या सुट्या घेण्यापेक्षां त्यांचा संच स्वस्त पडतो. तेव्हां उगाच हट्ट धरूं नये. पण बेरीज आपण करावी.

बॉक्सविषयीं एकच सांगतों. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेला चालत नाहीं. म्हणून तो विकत मिळतो आहे कीं वापरण्यापुरता, आणि सेवा सोडली तर परत द्यावयाचा कीं काय, हें पावतीवर लिहून घ्यावें. मेमध्यें कोंकणांत जाणाऱ्यांनीं महिनाभर सेवा तहकूब ठेवण्याची सोयही विचारावी. ती नियमांत आहे, पण अर्ज आधीं करावा लागतो.

यानंतरची गोष्ट क्षुल्लक वाटेल; मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सेवा कोणाच्या नांवावर आणि कोणत्या मोबाईल क्रमांकावर नोंदली आहे? आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध जोडपें राहतें. मुलगा परगांवीं. बसविणाऱ्यानें घाईंत स्वतःचाच क्रमांक नोंदविला आणि तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पैसे संपत आल्याच्या सूचना त्या परक्या माणसाच्या फोनवर जात राहिल्या. एके संध्याकाळीं पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजींत चार ओळी उमटल्या. आजोबांना वाटलें, संच बिघडला. दुरुस्तीवाला आला, येण्याचे पैसे घेऊन गेला. कंपनीला फोन केला तर पलीकडून सांगण्यांत आलें कीं, नोंदलेल्या क्रमांकावर आलेला आंकडा सांगा. तो क्रमांक त्यांचा नव्हताच. आठ दिवस त्या घरांत संध्याकाळ मुकी गेली. आजी मला म्हणाल्या, "मालिकेचें कांहीं नाहीं हो, पण सात वाजले कीं हे उठून बसत, तें बंद झालें." कंपनीचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं, ही चूक कोठेंही होते. क्रमांक घरांत राहणाऱ्या माणसाचा असावा, पैसे परगांवचा मुलगा भरीत असला तरी. ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून बॉक्सच्या तळाला चिकटवावा, आणि रिचार्ज संपण्याची तारीख अमावास्या-पौर्णिमेप्रमाणें दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी.

आतां राहिली सरकारी छत्री. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा ९३॥ अंशांवरच्या उपग्रहावरून येते. तिला दरमहा कांहीं द्यावें लागत नाहीं. छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदांच. सह्याद्री तींत आहे, इतरही पुष्कळ विनाशुल्क वाहिन्या आहेत, आणि आकाशवाणीचीं अनेक केंद्रेंही ऐकूं येतात. शहरांतल्या सुशिक्षित घरांत ही "खेड्यांतली सोय" म्हणून नाक मुरडण्याची चाल आहे. ती मला समजत नाहीं. आपल्या टिपणांतलीं नांवें बहुतेक विनाशुल्क असतील तर दुसरीकडे पैसे भरण्याचें कारण काय? आणि ज्या घरांत तरुण मंडळी सारें कांहीं इंटरनेटवरच पाहतात, तेथें छत्री हवी कीं नको हाही प्रश्न आहेच. पैसे भरून छत्री ठेवणारीं घरें २०२१ मध्यें देशांत सात कोटींच्या आसपास होतीं. २०२५ पर्यंत तीं सहा कोटींच्या खालीं आलीं. पण आमच्या चाळींत इंटरनेटवर संध्याकाळची मालिका शोधून लावणारे सत्तरीपुढचे फारसे नाहींत. एक बटण दाबलें कीं लागणारी गोष्ट त्यांना हवी असते.

बाईंची हकीकत अपुरी राहिली. दसऱ्याच्या दिवसांत आम्हीं त्यांच्या गॅलरींत खडूनें खुणा केल्या. पावणेदहाला कठड्यावर ऊन होतें. साडेदहाच्या आधींच वरच्या मजल्याच्या गॅलरीची सावली त्याच्यावर सरकली. म्हणजे गॅलरींतून एकच उपग्रह दिसणार, आणि त्यांनीं मनांत योजिलेली सरकारी छत्री गच्चीवर न्यावी लागणार. दोन आवडत्या मराठी मालिका त्यामुळें सुटतात, तें त्यांनीं दोन दिवस विचार करून सोडून दिलें. मालकाला परवानगीचें पत्र त्यांनीं स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहून दिलें आहे, कोब्याला भोक पाडणार नाहीं अशा वाक्यासह. उत्तर अद्याप यावयाचें आहे.