पाण्याची मोजणी आणि पाण्याची वाटणी



पाण्याच्या दुर्भिक्ष्याचे जे मोजमाप आज जगभर सर्रास वापरले जाते, ते स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्कनमार्क यांनी १९८९ साली मांडले. देशाला वर्षाकाठी लाभणाऱ्या गोड्या पाण्यास लोकसंख्येने भागावयाचे. माणशी १७०० घनमीटरांहून कमी आले तर पाण्याचा ताण, १००० हून कमी आले तर दुर्भिक्ष्य आणि ५०० च्या खाली पराकोटीचे दुर्भिक्ष्य. हिशेब सोपा आहे आणि सोपेपणा हा काही दोष नव्हे.

२०११ च्या लोकसंख्येनुसार भारताचा आकडा माणशी १५४५ घनमीटर होता. म्हणजे रोजचे चार हजार लिटरांहून अधिक! (त्यात शेती आणि कारखान्यांचेही पाणी आले, हे मान्य.) तरीही २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याआधी मार्चमध्ये तेथील पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारली गेली होती. सरासरीच्या लेखी यांतले काहीच घडले नाही. कारण भागाकार डोक्यांनी होतो, पाणी मात्र जमिनीच्या मालकीने आणि पंपाच्या अश्वशक्तीने वाटले जाते.

केंद्रीय भूजल मंडळाची प्रतवारी याहून बारकाईची. उपसता येण्याजोग्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तालुका सुरक्षित, १०० टक्क्यांपलीकडे गेला तर अतिशोषित. पण उथळ विहीर आटते ती शेजारच्या खोल बोअरमुळे. श्रेणी मिळते सबंध तालुक्याला; कोरडी पडलेली विहीर कोणाची, हे तीत दिसत नाही.

आणि पाणी डोळ्यांसमोर असतानाही दुर्भिक्ष्य असू शकते. १९२७ साली महाडचे चवदार तळे काही कोरडे नव्हते. कोणत्याही मोजपट्टीने तेथे टंचाई सिद्ध झाली नसती. ज्यांना तिथला घोट नाकारला होता, त्यांना सत्याग्रह करावा लागला.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. डोक्यांनी करावयाचा भागाकार तेथे कागदावरून शेतात उतरला. उसाच्या मळेवाल्यांना हा हिशेब का रुचत नाही, हे आपणांस सांगावयास नको!

म्हणून आमची मागणी साधी आहे. टंचाईच्या सरकारी तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत: उपसा कोणाचा, आणि हंडा भरण्यास बाईला किती चालावे लागते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते. तिच्यातून वर्षभरात किती पाणी उपसले गेले, याची नोंद बहुधा कोणीच ठेवीत नाही. ती ठेवण्यास ग्रामसभेने येत्या उन्हाळ्याआधी आरंभ करावा.