माती तपासणी : आपणच पुढाकार घेऊ
(मंडळाच्या शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्या जोयडा तालुक्यात माती तपासणीचा विषय निघाला की तीन उत्तरे ठरलेली. "आजोबांनी कुठे माती तपासली होती?" "कार्ड आले, ट्रंकेत ठेवले." आणि तिसरे, हळू आवाजात, "सर्व्हे नंबर लिहून घेतात, उद्या जमिनीचे काही झाले तर?"

तिसऱ्या उत्तराला आपण हसू नये. सुपा धरणात गावे गेली, जंगल कायद्यापायी कुमरी शेती बंद झाली. सरकारी कागदाची धास्ती वाटणारच. पण हे कार्ड मालकी ठरवत नाही, मातीत काय आहे एवढेच सांगते.

आजोबांच्या गोठ्यात गुरे भरपूर होती. शेण आणि जंगलाचा पालापाचोळा शेतात जात होता. आज गुरे घटली, पोत्यातले खत आले. आपल्याकडचा मुसळधार पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, माती आंबट होते. अशा मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधले जाते, पिकाला मिळत नाही. तिथे आधी चुना हवा, नाहीतर खताचा पैसा वाया. कोणत्या शेताला किती, हे डोळ्यांना दिसत नाही.

2009 पासून राबवलेल्या भूचेतना योजनेत कर्नाटकातल्या असंख्य शेतांत गंधक, जस्त आणि बोरॉन कमी आढळले. 2015 साली मृदा आरोग्य कार्ड आले, त्यात 12 गोष्टींची नोंद. मात्र या योजनेत कोरडवाहू भागात 10 हेक्टरांना एक नमुना ठरला होता. आपल्याकडे उतारावरचे शेत वेगळे, व्हाळाकाठचे वेगळे. म्हणून "हे आमच्या शेताचे नाही" म्हणणारे अगदीच चुकीचे नव्हते. त्यावर उपाय एकच, आपला नमुना आपणच काढायचा.

भात कापल्यावर, खत घालण्यापूर्वी, शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या. बांध, उकिरडा, झाडाची सावली टाळा. माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. सुपारीच्या बागेचा नमुना वेगळा. रयत संपर्क केंद्रात किंवा शिरसीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

सरकारकडे आमची मागणी एकच : नुसते कार्ड नको, ते आमच्या भाषेत समजावणारा माणूस वाडीवर यावा. आणि आपल्या तरुणांनी यंदा प्रत्येक वाडीतून नमुने गोळा करावेत. ट्रंकेतली कार्डेही बाहेर काढा, एकत्र बसून वाचू.