दोन मूकपट आणि सुटलेले घर



१९१५ साली अमेरिकेत ‘द इटालियन’ नावाचा मूकपट प्रदर्शित झाला. व्हेनिसचा गरीब नावाडी बेप्पो संसाराच्या आशेने न्यूयॉर्क गाठतो, बूटपॉलिश करून पोट भरतो. उन्हाळ्यात त्याचे तान्हे मूल आजारी पडते. निर्जंतुक दुधासाठी जवळ केलेले पैसे चोरटे लुबाडतात, बेप्पो तुरुंगात जातो आणि इकडे मूल दगावते. पुढे सूडाची संधी येते. शत्रूचे आजारी मूल समोर असते, परंतु त्याचा हात उचलत नाही.

दहा वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जाते आणि कुणब्याचा मुलगा शहरात गिरणीकामगार होतो. अंधारात उभी झोपडी आणि रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य जाणकारांच्या स्मरणात राहिले. देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाचे फारसे स्वागत केले नाही.

बेप्पोने समुद्र ओलांडला, कुणब्याने केवळ वेस. दुःख मात्र एकच: घर सुटते ते हौसेने नव्हे. पेडणे-डिचोलीच्या श्रोत्यांना हे समजावून सांगावयास नको. तेरेखोल ओलांडून मुंबईची वाट धरणाऱ्यांची परंपरा येथे जुनी आहे. भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला, पायाखालची जमीन परक्याची असणे म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नाही. त्याच्या घराला संरक्षण देणारा कायदा १९७५ साली झाला.

‘द इटालियन’ आज पाहता येतो. १९२५ चा ‘सावकारी पाश’ उपलब्ध नाही. १९३६ साली बाबूरावांनीच त्याचा बोलपट केला, परंतु मूळची मूक चित्रे गेली ती गेलीच. फीत नष्ट झाली. तिच्याविषयी आज जे कळते ते आठवणींतून आणि जुन्या लिखाणातून. म्हणजे शब्दाविना बोललेली कला अखेर शब्दांच्याच आश्रयाने उरली!

ग्रंथालयाचे मोल याहून निराळे काय सांगावे? कपाटातील जीर्ण मासिक रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे. कोणाचे तरी सुटलेले घर त्याच पानावर शिल्लक असेल.