चोरटी हवा : जुन्या मोटारीच्या एका दुखण्याचा शोध

जुनी मोटार आजारी पडली म्हणजे मालकाचें लक्ष प्रथम पेट्रोलाकडे जातें आणि नंतर विजेच्या ठिणगीकडे. हवेकडे तें क्वचितच वळतें. हवा फुकट मिळते, डोळ्यांना दिसत नाहीं. तेव्हां तिच्यावर संशय घ्यावा असें कोणास वाटत नाहीं. परंतु पुष्कळ जुन्या गाड्यांचें दुखणें या फुकटच्या हवेंतच असतें. आणि तें ओळखलें न गेल्यामुळें चांगला कार्बुरेटर मोडीत निघतो, पेट्रोल वायां जातें व शेवटीं इंजिनाच्या झडपाही जळूं लागतात.

उदाहरणादाखल मुंबईकरांच्या परिचयाची प्रीमियर पद्मिनी घ्यावी. कुर्ल्याच्या कारखान्यांत जन्मलेली ही मोटार टॅक्सीच्या रूपानें अनेक दशकें शहरांत फिरली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. हौशी मालकांच्या दारांत मात्र ती अद्याप उभी आहे. तिचें १०८९ घन सेंटिमीटरांचें, चार नळकांड्यांचें इंजिन कार्बुरेटरावर चालतें. दट्ट्या खालीं जातो तेव्हां नळकांड्यांतील दाब घटतो, आणि बाहेरची हवा कार्बुरेटरांतून आंत ओढली जाते. वाटेंत ती पेट्रोल बरोबर घेते. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण संभाळणें हेंच कार्बुरेटराचें काम होय.

गाडी उभी असून इंजिन मंद चालत असतें, त्या वेळीं थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन हवा मागतें, पण वाट अरुंद; म्हणून झडपेच्या पलीकडे, मॅनिफोल्डांत, मोठी ओढ निर्माण होते. निरोगी इंजिनांत समुद्रसपाटीस ती पाऱ्याच्या सुमारें १७ ते २१ इंच भरते. अशा वेळीं एखाद्या सांध्यास बारीक फट असेल, तर बाहेरची हवा कार्बुरेटरास चुकवून परस्पर आंत शिरते. तिच्याबरोबर पेट्रोल नसतें. मिश्रण पातळ होतें. मग इंजिन थरथरतें, कधीं उगीचच भरधांव चालतें, कधीं कार्बुरेटरांतून शिंकतें, आणि चौकांत गाडी थांबतांच बंद पडतें. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर मात्र तीच गाडी शहाण्यासारखी वागूं लागते. कारण थ्रॉटल उघडल्यावर ओढ कमी होते, आणि आंत जाणाऱ्या एकंदर हवेच्या मानानें ही चोरटी हवा नगण्य ठरते. मंद चालतांना त्रास व वेगांत आराम, ही या दुखण्याची पहिली खूण.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. कार्बुरेटराचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढविलें कीं इंजिन तात्पुरतें शांत होतें, आणि काम झालें असें वाटतें. परंतु हें दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला असें आहे. फट ज्या नळकांड्याजवळ असेल, तेथील मिश्रण इतरांहून पातळच राहतें. बाकीच्या तिहींना मात्र गरजेपेक्षां अधिक पेट्रोल मिळतें. रोजच्या कमाईवर घर चालविणाऱ्या टॅक्सीवाल्यास हें नुकसान दुहेरी पडे : पेट्रोलाचा खर्च आजचा, आणि जळालेल्या झडपेचा उद्यांचा.

शोध घेतांना क्रम सोडूं नये. प्रथम इंजिन बंद व थंड असतां डोळ्यांनीं आणि बोटांनीं तपासावें. रबरी नळ्या जुनेपणानें कडक होतात व टोकांशीं चिरतात. चीर पुष्कळदां खालच्या, न दिसणाऱ्या अंगास असते. कार्बुरेटराचे व मॅनिफोल्डाचे नट ढिले असल्यास बेतानें, आळीपाळीनें आवळावे. एकाच नटावर जोर केला, तर कार्बुरेटराचा पाया वांकून नवीच फट पडते.

नंतर गाडी उघड्यावर आणून इंजिन चालू करावें. बंद जागेंत त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. सैल बाही व गळ्यांतील पंचा पंख्यापासून दूर असावा. हातभर रबरी नळीचें एक टोक कानाशीं धरून दुसरें सांध्यांवरून फिरवावें. फटीपाशीं सुस्कारा ऐकूं येतो. मॅनिफोल्डास जोडलेल्या नळ्या एकेक चिमटून पाहाव्या. जी नळी चिमटतांच इंजिन सुधारेल, तिच्याच वाटेवर दोष आहे. मग पिचकारीनें साबणाचें पाणी एकेका सांध्यावर थोडें थोडें सोडावें. विजेच्या तारा व तापलेला एक्झॉस्ट मात्र टाळावा. फट असल्यास पाणी आंत खेंचलें जातें आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. पाण्याऐवजीं पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडण्याची एक रीत आहे. तिनें दोष सांपडतो खरा, पण तापलेल्या लोखंडावर भडकाही उडतो. ती कोणीं अनुसरूं नये.

पॅकिंग व नळ्या निर्दोष निघाल्या, तर थ्रॉटलचा दांडा हलवून पाहावा. वर्षानुवर्षें फिरून त्याचें भोंक झिजतें आणि दांड्याच्या कडेनें हवा शिरते. येथें नवें पॅकिंग कामास येत नाहीं. भोंकांत बुश बसवावा लागतो.

ओढ मोजण्याचें घड्याळ उपयोगी असलें तरी त्याचा कौल तारतम्यानें घ्यावा. काटा स्थिर पण खालीं असेल तर कारण फट असूं शकेल, किंवा ठिणगी उशिरा पडत असेल. शिवाय दर हजार फूट उंचीस सुमारें एक इंच ओढ घटते. सुमारें साडेचार हजार फुटांवरील महाबळेश्वरीं मुंबईपेक्षां काटा चार-साडेचार इंच खालीं दिसला, म्हणून निरोगी इंजिन खोलूं नये. हल्लीं कांहीं कार्यशाळांत बंद इंजिनांत अल्प दाबानें धूर सोडतात. तो जेथून बाहेर पडेल तेथें फट. गाडीस इजा न करणारी ही रीत सर्वांत निर्णायक आहे.

फट बुजविल्यावर एक काम उरतें, आणि तेंच पुष्कळदां विसरलें जातें. पूर्वी वाढविलेलें पेट्रोल पुन्हां बेताचें करावें. नाहीं तर दोष गेला तरी त्याचा खर्च चालूच राहील. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा, आणि मगच दुसरीस हात घालावा. एवढी शिस्त पाळली, तर साधी रबरी नळी व साबणाचें पाणी यांवर बहुतेक जुन्या मोटारींची चोरटी हवा सांपडते.