अंबरनाथची पोरं, जर्मनीची खेडी

वालधुनीकाठचं 1060 सालचं शिवमंदिर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण अंबरनाथची आणखी एक ओळख आहे, काडेपेटीची. 1922 साली सरकारनं परदेशी काडेपेट्यांवरचा आयात कर वाढवला. मग स्वीडनच्या कंपनीनं इथेच कारखाना काढायचं ठरवलं आणि तेव्हाच्या या खेड्यात ‘विम्को’ उभी राहिली. भांडवल आणि तंत्र तिकडचं, कामगार इथले. आज कारखाना नाही, पण विम्को नाका आहे.

आता वारं उलट्या दिशेनं वाहतंय, इथल्या कामगारांना तिकडून बोलावणं येतंय. जर्मनीत म्हातारी माणसं वाढली, कामाला तरुण हात कमी पडू लागले. याची झळ खेड्यांना जास्त बसते. गावचा मुलगा श्टुटगार्टसारख्या शहरात निघून जातो आणि मागे वृद्धांच्या शुश्रूषेला माणूस मिळत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामागे हीच गरज आहे. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, सगळेच त्यांना हवे आहेत.

आपल्या आयटीआयच्या मुलांनी आणि परिचारिकांनी जरूर जावं. मात्र करार झाला म्हणजे नोकरी लागली, असं नव्हे. पहिली अडचण भाषेची. परिचारिकेला साधारणपणे बी-2 पातळीची जर्मन लागते आणि ती चार-दोन महिन्यांत येत नाही. शिवाय खेड्यातली आजी पुष्कळदा पुस्तकी जर्मन नव्हे, श्वेबियनसारखी तिथली बोली बोलते. कुठे दुखतंय हे त्या बोलीत कळलं पाहिजे. दुसरी अडचण प्रमाणपत्राची. आपला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तिकडचा साडेतीन वर्षांचा. त्यामुळे पात्रता अर्धवटच मान्य होऊ शकते आणि उरलेलं प्रशिक्षण तिथे जाऊन पुरं करावं लागतं. तोवर हातात पगार किती पडणार, हे आधीच विचारून घ्यावं.

आणि पालकांनो, दागिने मोडून एजंटाच्या हातावर पैसे ठेवू नका. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. ती आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. करारपत्र मुलाला कळेल अशा भाषेत मागा. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि गावाचं नाव त्यात लिहिलेलं नसेल, तर सही करू नका.