चेहऱ्यावरचा राग कोणाचा?



आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिला असेल. तेथील १६ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातले, नंदाच्या पत्नीचे चित्र आहे. पतीने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच ती खचली आहे, मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत. तिचे दुःख पाहणाऱ्याला लगेच भिडते. पण तिला सावरणाऱ्या दासींच्या चेहऱ्यांवरही काळजी आहे, तिकडे किती जणांचे लक्ष जाते? आमचे पहिल्या भेटीत गेले नव्हते. चित्रकाराचे मात्र गेले होते.

देखण्या माणसाच्या भावना आपल्याला लवकर आणि चांगल्या अर्थाने कळतात, हे आता प्रयोगांतूनही दिसले आहे. लिंडेबर्ग, क्रेग आणि लिप या संशोधकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना चेहरे दाखवून त्यावरचा भाव ओळखायला सांगितले. देखण्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी रागापेक्षा चटकन ओळखला. कमी देखण्या चेहऱ्यांच्या बाबतीत ही तत्परता दिसली नाही. म्हणजे हसू दोघांचेही, पण पोचले एकाचेच लवकर!

याहून कडू गोष्ट अमेरिकेतल्या ह्युगेनबर्ग आणि बोडेनहाउसेन यांच्या २००३ च्या प्रयोगात आहे. रागीट चेहरा हळूहळू हसरा होताना दाखवला. ज्या गोऱ्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होता, त्यांना काळ्या माणसाच्या चेहऱ्यावर राग जास्त वेळ टिकलेला दिसला. येथे प्रश्न रूपाचा नाही, वंशाचा आहे. परंतु जातीने, रंगाने माणूस जोखणाऱ्या आपल्या देशात हे वेगळे समजावून सांगायला नको.

आम्ही वसतिगृहात राहून शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. रंग काळासावळा, भुवया दाट, पुढचे दात थोडे बाहेर. गुरुजींनी प्रश्न विचारला की तो भीतीने थिजून उभा राही. गुरुजी म्हणत, "डोळे काय वटारतोस रे?" आणि छडी बसे. त्याच बाकावरचा गोरा, नाकेला मुलगा खरोखर फुगून बसला, तर तेच गुरुजी म्हणत, "लाजला बघा!" वर्ग हसायचा. खरे सांगायचे तर आम्हीही हसायचो. पहिला मुलगा नववीनंतर आला नाही. तो खेड्यात मुकादमाच्या हाताखाली लागला एवढेच पुढे कानावर आले.

संयुत्त निकायात लकुंटक भद्दिय नावाच्या स्थविराची कथा आहे. बुटका, कुरूप, इतर भिक्षू त्याला हिणवीत. तथागतांनी त्यांना तो केवढ्या योग्यतेचा आहे ते सांगितले. संघातही हे घडत होते, तर आपल्या कार्यालयात घडणार नाही असे कसे म्हणावे?

म्हणून सभासदांना एक विनंती. शैक्षणिक मदतीसाठी मुले मुलाखतीला येतील, तेव्हा अर्ज आणि गुणपत्रक आधी वाचून काय वाटले ते कागदावर लिहून ठेवा, मग मुलाला आत बोलवा. तो गप्प उभा राहिला, कपाळाला आठ्या दिसल्या, तर उर्मट म्हणून शेरा मारू नका. बसायला खुर्ची द्या, पाणी द्या आणि गावाहून कोणत्या एस.टी.ने आलास ते विचारा.