चिंतेवरची बाटली
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एकाच दुखण्यावर बोलणार आहे. हातपाय गळतात, छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. आपल्या धसई परिसरात याला कोणी "अशक्तपणा" म्हणतो, कोणी "नसांची कमजोरी". आवणी आटोपली की घरोघरी हीच तक्रार. मग कोणी टॉनिकची बाटली आणतो, कोणी ताकदीची सुई मारून घेतो, कोणी सलाईन लावून येतो. मजुरीचे पैसे तिथेच जातात.

हा धंदा जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी "डॉ. विल्यम्स पिंक पिल्स" या गोळ्यांच्या जाहिराती हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत येत. थकवा असो की कमजोर नसा, गोळी एकच! 1909 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची तपासणी छापली. त्या गोळीत मुख्य औषध निघाले लोह. "सॅनॅटोजेन" ही नसांची म्हणून विकली जाणारी भुकटी तर बहुतांशी दुधातले प्रथिन होती.

लोहाची गोळी आज सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. पण आधी रक्त तपासून घ्या. थकव्यामागे रक्त कमी असणे, मधुमेह, थायरॉईड, क्षय, काहीही असू शकते. बाटली पीत बसलात तर खरा आजार आत वाढत राहतो. भारत सरकारने 1954 साली औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत मज्जातंतूंची दुर्बलता स्पष्ट लिहिलेली आहे. तरी भिंती रंगतातच.

आणखी एक. आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे मद्यार्क तयार होतो, बाटलीवर तसे लिहिलेले असते. वैद्याने सांगितलेले दोन चमचे हे औषध. झोपेसाठी अर्धी बाटली रिचवली तर पाचव्या शीलाचे काय झाले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता समजा, तपासणीत काहीच निघाले नाही. मग दुखणं मनाचं असू शकतं. सोसायटीचं कर्ज, पोराची नोकरी, घरात दारू पिणारा माणूस. हे सांगायला आपण लाजतो. कारण आपल्या जिल्ह्यात "याला ठाण्याला न्या" ही शिवी आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून आजाऱ्यांवर उपचार करते. रुग्णालयाची शिवी करून आपण आपल्याच माणसांची तोंडं बंद केली.

विनयपिटकात भगवंतांनी चांगल्या रोग्याचे गुण सांगितले आहेत. त्यातला एक असा की, सेवा करणाऱ्याला त्याने आपले दुखणे जसे आहे तसे सांगावे. आणि अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली. म्हणजे रोग्याने सांगायचे आणि संघाने जवळ बसायचे, दोन्ही आले.

म्हणून माझी विनंती. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास थांबा, एकमेकांची विचारपूस करा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नका. दोन आठवडे झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाच. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा सरकारी टेलिमानस दूरध्वनी 2022 साली सुरू झाला. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करू नका.

शेजारी गप्प झाला असेल तर आज घरी जाताना त्याच्या दारात थांबा.

नमो बुद्धाय! जयभीम!